आराम चालू, हात लावू नये

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून समतोल. धंदाही वाढवायचा आणि तब्येतही सांभाळायची. कधीपासून मनात होतं, पण वेळ मिळत नव्हता. काल मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. त्यांचा बिस्किटांचा कारखाना आहे आणि बोलणंही तसंच, खुसखुशीत. एप्रिलमध्ये महिला उद्योजकांचा मेळावा आहे, त्यात 'धंदा आणि स्वास्थ्य' या विषयावर तुम्हीच बोलायचं, म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. विषयाचा अनुभव घ्यायला अजून दोन महिने हातात आहेत.
संकल्प: रोज सकाळी चालणं. जेवताना फोन नाही. संध्याकाळी सातला वर्कशॉप बंद म्हणजे बंद. रविवार फक्त माझा.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
चालणं झालं. घर ते वर्कशॉप. गाडी पंक्चर होती.

५ फेब्रुवारी
मिळाली! नव्या हॉटेलची ऑर्डर मिळाली! सगळ्या खोल्यांचे पडदे, शिवाय जेवणाच्या हॉलचे छतापासून जमिनीपर्यंत. एप्रिलअखेर माल द्यायचा. पडद्यांच्या धंद्यात आल्यापासून इतकं मोठं काम पहिल्यांदाच आलंय.
सरळरेघ म्हणाली, मॅडम, एवढं कापड तुम्ही एकट्या कापणार? कात्री मलाही द्या की. सरळरेघ म्हणजे माझी सगळ्यात जुनी शिलाईवाली. तिची टीप पट्टीने आखल्यासारखी येते, म्हणून हे नाव. मी नुसती हसले. माझ्याकडे शिवतात चौघी, पण कापते मी एकटी. चुकलेली टीप उसवता येते, चुकलेला काप जोडता येत नाही. आपला हात जगन्नाथ.
उजवा खांदा जरा धरलाय. वेडीवाकडी झोपले असणार.

११ फेब्रुवारी
आज एकीने शिवलेल्या पडद्याची खालची दुमड तिथल्या तिथे घालायला घेतली. मी सगळी मशिनं थांबवून लेक्चर दिलं. म्हटलं, बायांनो, कापड महिनोन्महिने गुंडाळीत आवळून पडलेलं असतं. पडदा आधी वर टांगा. त्याला स्वतःच्या वजनाने मोकळं होऊ द्या. दोन दिवस कुणी बोट लावायचं नाही, मगच दुमड. नाहीतर तो गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन लांबतो आणि फरशी पुसत बसतो. म्हणून तर मी स्वतः लाल चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात: 'आराम चालू, हात लावू नये.' टांगलेल्या प्रत्येक पडद्याला एक चिठ्ठी टाचायची, हा इथला कायदा आहे.
शेवटी म्हटलं, ज्याला आराम देत नाही ते एक दिवस सूड उगवतं. वाक्य झकास जमलं. भाषणात घेणार.
लेक्चरच्या नादात जेवण राहिलं.

१९ फेब्रुवारी
सकाळी चालले. चालता चालता दोरेवाल्याशी भाव केला, हॉटेलच्या मॅनेजरला रंगांचे फोटो पाठवले आणि एका विजेच्या खांबाला सॉरी म्हणाले. मल्टिटास्किंग. समतोल म्हणजे आणखी वेगळं काय असतं?
खांदा दुखत नाही. हात वर नेला तरच दुखतो. म्हणून वर नेत नाही. प्रश्न मिटला.

२६ फेब्रुवारी
वर्कशॉपची नवी मांडणी केली. वरच्या फळ्यांवरचे सगळे तागे खाली आणले. एर्गोनॉमिक का काय म्हणतात ते. नवरा डबा द्यायला आला होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना खालची ओळ दिसते का विचारत असतो, त्यामुळे नको ते त्याला चटकन दिसतं. वरच्या फळीवर आता काय ठेवणार, म्हणाला. मोकळी जागा, मी म्हटलं.
घरीही साखर, पीठ, चहा, सगळे डबे खालच्या कपाटात आणले. आता सासूबाईंना वाकावं लागतं. त्या म्हणाल्या, तुझा खांदा गेलाय आणि माझी कंबर, दोघींची बेरीज केली तर एक धड बाई निघेल.
यांना खांद्याचं कुणी सांगितलं?

५ मार्च
धाकटी बहीण जेवायला आली होती. ती फिजिओ आहे. तिला जेवायला बोलावणं म्हणजे स्वतःच्या पायाने तपासणीला जाणं. मी वाढत होते आणि ती ताटाऐवजी माझ्या कोपराकडे बघत होती. मग म्हणाली, ताई, हात वर कर बघू. मी म्हटलं, जेवताना कसले हात वर करायचे? तिने सरळ उठून माझा दंड धरला आणि हळूच वर नेला. मी भांडी पाडली.
म्हणाली, खांदा गोठत चाललाय. कात्री आजपासून बंद, व्यायाम आजपासून सुरू. नाहीतर हा हात जागचा हलणार नाही आणि तो सोडवण्यात वर्ष जाईल. मी म्हटलं, मेअखेर बघू. ती म्हणाली, खांद्याला कॅलेंडर वाचता येत नाही. लहानपणापासून हिला शेवटचं वाक्य स्वतःचंच लागतं.
व्यायामाची चित्रं असलेला कागद देऊन गेली. चांगला जाड कागद आहे, मागची बाजू कोरी. हॉलच्या पडद्यांची मापं त्यावर लिहून घेतली.

१२ मार्च
आंघोळीनंतर कंगवा घेऊन आरशासमोर बराच वेळ उभी होते. हात कानाच्या वर जाईना. डावा हात लावून ढकलला तरी जाईना. डोळ्यांतून पाणी आलं.
शाम्पू फार तिखट आहे. बदलायला हवा.

१४ मार्च
केस कापले! एकदम आखूड. नवा लूक. वेणी घालण्यात सकाळचा किती वेळ जातो, याचा मी कधी हिशेबच केला नव्हता. मागून हुक लावायचे कपडे कपाटात मागे टाकले, पुढून बटणांचे चार शर्ट आणले. यशस्वी बायका साधं राहतात, असं कुठेतरी वाचलंय.
नवऱ्याने मानेवर अडकलेले बारीक केस झटकले. मग म्हणाला, चांगली दिसतेस, पण मला सांगितलं असतंस तर वेणी मी घातली असती. याला कुठे येते वेणी? उगाच काहीतरी.

२३ मार्च
रविवार. माझा दिवस. वर्कशॉपमध्ये मी एकटीच होते, म्हणजे तसा माझाच.
दोन्ही हातांनी कात्री धरायची नवी पद्धत शोधलीय. ताकद दुप्पट. दिशेचं मात्र बघायला हवं. खोल्यांच्या पडद्यांमधले काही काप जरा तिरके गेले. कापडच निसरडं आहे. वाया कशाला घालवायचं, त्यांचे उशांचे अभ्रे करू. हॉटेलने मागितलेले नाहीत, पण आपल्याकडून भेट. गिऱ्हाईक असंच जोडायचं असतं.

२ एप्रिल
सरळरेघने आज अगदी साधा चेहरा करून विचारलं, मॅडम, त्या हॉटेलात माणसं किती उतरतात आणि प्रत्येकाला डोकी किती? अभ्र्यांचा ढीग टेबलाच्या वर गेलाय, हे खरं आहे. कापडाचा ढीग खाली आलाय, हेही खरं आहे. तेच कापड आता बाजारात मिळत नाही, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.
ती म्हणाली, कात्री द्या, मी हळूहळू कापते. मी म्हटलं, माझ्या हाताला काही झालेलं नाही. ती म्हणाली, मी हाताचं कुठे म्हटलं?
खरं लिहू? भीती वाटते. ऑर्डरची वाटते आणि त्याहून जास्त हाताची. सगळं उभं केलं ते याच हाताने. हा गेला तर मी म्हणजे नुसतं बोलणं उरेन.
जाऊ दे. ओव्हरथिंकिंग. झोप अपुरी झाली की असं होतं. मेपासून झोप.

८ एप्रिल
घरी भाषणाची तालीम केली. शरीराचं ऐका, वेळेवर थांबा, कामं वाटून द्या, असे मुद्दे. आवाज छान लागला होता. सासूबाई लसूण सोलत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी पाणी प्यायला आत गेले.
सुरुवातीसाठी नामी युक्ती सुचलीय. व्यासपीठावर गेल्या गेल्या म्हणायचं, ज्या बायका रोज स्वतःसाठी वेळ काढतात त्यांनी हात वर करा. आणि सगळ्यांच्या आधी मी स्वतः करायचा. वक्त्याने उदाहरण घालून दिलं की सभा जिंकली.
नेहमी वापरते तोच हात करणार. डावा हात स्टेजवर शोभत नाही.

१२ एप्रिल, सकाळ
आज मेळावा. नवा कोट. डावी बाही मी घातली, उजवी सासूबाईंनी चढवली. हळू गं बाई, असं त्या कोटाला म्हणाल्या की मला, कळलं नाही. खांदा एकदम ठीक. गोळी घेतलीय, शिवाय एक पर्समध्ये. बहीण श्रोत्यांत बसणार आहे. बघू दे तिलाही.

१२ एप्रिल, संध्याकाळ
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
म्हटलं, हात वर करा. केला. खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. वरही नाही, खालीही नाही. माईकमध्ये आई गं, असं ओरडले. बाहेर पार्किंगमध्ये ऐकू गेलं म्हणे.
सभेत तोवर एकीचाही हात वर नव्हता. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, असाच करायचा असतो. मग एकेक करत सगळ्यांनी हात खांद्यापर्यंत नेऊन तिथेच धरले. अध्यक्षबाईंनीही. पूर्ण वर करायला कुणाचीच तयारी नव्हती, अर्धा मात्र सगळ्यांना परवडला.
इतक्या अर्ध्या हातांकडे बघून मला हसू यायला हवं होतं. रडू आलं. माईक चालूच होता.
बहीण स्टेजवर आली आणि हात धरून मला खाली घेऊन गेली. भाषण झालंच नाही. टाळ्या मात्र खूप पडल्या.

१४ एप्रिल
हात झोळीत. बहीण म्हणाली, आधी ही आग शांत होऊ दे, मग व्यायाम, आणि महिने लागतील. मी म्हटलं, निदान हॉटेलचं काम होईस्तोवर तरी... तिने मला पुरं बोलूच दिलं नाही. व्यायामाचा कागद कुठाय, म्हणाली. दाखवला. तिने मागची मापं वाचली आणि खुर्चीत बसून हसत सुटली, मग एकदम डोळे पुसायला लागली. तिला असं बघून मला फार वाईट वाटलं.
कात्री सरळरेघला दिली. डाव्या हाताने. तिने ती पदराने पुसली आणि विचारलं, मॅडम, खरंच? मी हो म्हटलं. लगेच काळजी घे, जपून, धार सांभाळ, असं बरंच काही म्हणत राहिले. तोवर तिने पहिला पडदा कापून बाजूला ठेवला होता.

२९ एप्रिल
माल गेला. सगळा. वेळेत.
सरळरेघने अभ्रे उसवले, त्यांच्या पट्ट्या काढल्या आणि आखूड पडलेल्या पडद्यांना खालून जोडल्या. चुकलेला काप जोडता येत नाही, असं मी तिला इतकी वर्षं सांगत होते. मॅनेजरचा फोन आला. ती खालची पट्टी फारच सुंदर, कल्पना कुणाची, म्हणाला. मी तोंड उघडलं. सरळरेघ समोरच उभी होती. तिचं नाव सांगितलं. नंतर जरा हलकं वाटलं, पण फार नाही.

३० एप्रिल
घरात बसून बसून कंटाळा आला, म्हणून वर्कशॉपला गेले. नुसतं बघायला. नवीन ताग्याची एक घडी डाव्या हाताने सारखी केली, एवढंच. मग एका मशीनचा दोरा बदलला. मग टेबलावरची खडूची रेघ जरा पुसून पुन्हा मारली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. चौघींनी मिळून मला उचलल्यासारखं करून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि मागून काहीतरी केलं. काय केलं विचारलं तर हसायला लागल्या. वाटेत लोक मागे वळून बघत होते. म्हटलं, नवा लूक.
घरी आल्यावर सासूबाईंनी सांगितलं की पाठीवर मधोमध लाल चिठ्ठी टाचलीय. डावा हात वरून नेऊन पाहिला, खालून नेऊन पाहिला. पोचत नाही. सासूबाईंना काढायला सांगितलं तर म्हणाल्या, मला वाकायला जमत नाही. चिठ्ठी कमरेच्या वर आहे.
शेवटी नवऱ्याला म्हटलं, तू तरी काढ. त्याने चष्मा नीट केला, जवळ येऊन सावकाश वाचलं आणि म्हणाला, हात लावू नये, असं स्पष्ट लिहिलंय. अक्षरही तुझंच आहे.