पावेलनं परत नेलेलं भांडं

रविवार, जळगाव

लेकीनं आणि पावेलनं, आमच्या पोलंडच्या जावयानं, नव्या धाटणीचं हॉटेल काढलंय, त्याच्या देशाच्या जेवणाचं. आज आम्ही दोघं गेलो. पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. झकास! पावेल स्वतः पुन्हा वाढायला आला. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको, पुरे." ह्यांनीही ताटावर हात आडवा धरला.

तो भांडं परतच घेऊन गेला. आग्रह नाहीच! घरी येऊन ह्यांनी भाकरी मागितली.

भांडं नेताना त्याचा चेहरा उतरला होता का? आवडलं नाही, असं वाटलं असेल? लेकीला फोन करू?

आणि आता भलतंच आठवतंय. दिवाळीत आमच्याकडे तोही "नको, नको" म्हणत होता, आणि मी हिरव्या मिरचीचं झणझणीत भरीत वाढतच राहिले. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, माया.