तोंडातून न निघालेला पासवर्ड

रत्नागिरी, ता. १५ नोव्हेंबर २००६

माझे बांगडे कुजके आहेत असं माझ्याच नावाने, माझ्याच पानावर, साऱ्या जगाला दिसेल असं लिहिलेलं आहे आणि ते मला पुसता येत नाही. हे तुझ्या शिक्षणाचं फळ. आता आशीर्वाद घे.

चिरंजीव अजिंक्यास बकुळा आजीचे अनेक आशीर्वाद, तुझ्या योगिनीलाही. (नातसुनेला भात मोकळा करायला जमू लागला असेल तर कळव, नसेल तर कळवू नको.) तुझं पोट बरं असेल. माझे गुडघे होते तिथेच आहेत. सायबरवाल्या तन्वीरचा भाऊ अक्रम उद्या पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते.

तुम्ही शहरातली माणसं काम करून विसरता म्हणून पहिल्यापासून सांगते. आम्हा अकरा मासेवाल्यांच्या मंडळाची वेबसाइट तू केलीस. प्रत्येकीचं एक पान. सकाळी तन्वीरच्या सायबरमध्ये जाऊन आज काय मासळी आली ते लिहायचं, आणि ते वाचून पाली-देवरूखच्या खानावळवाल्यांनी मागणी सांगायची. (आम्ही आत शिरलो की तन्वीर दोन उदबत्त्या लावतो. माणूस चांगला आहे, नाक नाजूक.) तेव्हा सगळ्यांची नावं नि पासवर्ड तू प्रोग्रामातच कोंबले होतेस. रघूची बायको मंडळात आली तर तिचं एक नाव घालायला तू अख्खा प्रोग्राम उघडून बसलास आणि साइट दोन दिवस बंद. एका बाईला घरात घ्यायला भिंत पाडणारा गवंडी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मग दिवाळीत आलास आणि म्हणालास, आजी, फ्रेमवर्क म्हणजे घराची चौकट, तिला मी आता डेटाबेस जोडतो. प्रत्येक बाईची एक ओळ, नवी बाई आली की नवी ओळ, भिंतीला हात लावायचा नाही. पासवर्डही जसाच्या तसा ठेवणार नाही, वाटून ठेवणार. वाटणातून अख्खा नारळ परत निघत नाही तसा त्यातून शब्द निघायचा नाही, मलासुद्धा दिसायचा नाही. मी मनात म्हटलं, चार वर्षं कॉलेजात जाऊन पोराला पाटावरवंटा कळला, काही फुकट गेलं नाही.

पण पुढे काय केलंस? आम्हा अकरा जणींना बाकावर बसवून म्हणालास, 'असा शब्द निवडा, जो आजवर कोणीही तुमच्या तोंडून ऐकला नाही.' आम्ही एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. सगुणा लाजली. साठी उलटलेली सोनूबाई पदर तोंडाला लावून बसली. एकेक जण उठली, एका बोटाने टिकटिक करून आली. मीही आले. (तुझ्या आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली, पण सवय ती सवय. ते जिवंत असताना मी 'अहो, ऐकलंत का' म्हणायचे, आणि ते ऐकत नसत.)

आता तूच सांग विद्वाना, अकरा नवऱ्यांची नावं बायकांच्या तोंडून कोणी ऐकली नसतील, पण कोणाला ठाऊक नाहीत? सोनूबाईच्या विठूचं तर होडीवर हातभर अक्षरांत रंगवलंय. 'कोणाला ठाऊक नाही असा शब्द' म्हणाला असतास तर आम्ही घरी जाऊन विचार केला असता. तू 'ऐकला नाही' म्हणालास. आम्ही सांगितल्या कामाच्या बायका.

पंधरवडा बरा गेला. मग कोणीतरी कोणाच्या तरी पानात शिरलं, आणि जे सुरू झालं ते काय विचारतोस! सगुणाच्या पानावर आलं, 'आज मासळी नाही, सुनेशी भांडण चालू आहे.' रघूच्या बायकोच्या पानावर आलं, 'देवमासा आला आहे, पोतं घेऊन या,' आणि देवरूखचा एक शहाणा खरोखर टेम्पो घेऊन आला. सकाळी सातपासून सायबर भरलेलं. होळीलासुद्धा बाया इतक्या खिदळल्या नव्हत्या. तन्वीर आता उदबत्तीचा पुडाच पेटवतो.

इथवर मीही हसले. पण सोनूबाईने माझ्या पानावर लिहिलं, 'माझे बांगडे कुजके आहेत, मांजराला घालू नका,' खाली माझं नाव, आणि वर पासवर्ड बदलून टाकला. आता मी ह्यांचं नाव घातलं की मशीन म्हणतं, चूक. चाळीस वर्षांचा संसार, आणि मशीन म्हणतं चूक! तुला फोन केला तर तू म्हणालास, 'पासवर्ड विसरला' दाब, एक प्रश्न येईल. आला. माहेरचं गाव कोणतं? मेल्या, अकरातल्या आठजणी बुरोंडीच्या! मी बुरोंडी लिहून आत गेले, पुसून बाहेर आले, की मागोमाग सोनूबाई बुरोंडी लिहून आत. अशा तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत तिने प्रश्नच बदलला.

पालीच्या खानावळीचे रावजी वीस वर्षं माझ्याकडची मासळी नेतात. त्यांचा फोन आला. म्हणाले, "बकुळाबाई, आपल्या मालाबद्दल लोक खोटं लिहितात ते चांगलं लिहितात. तुम्ही वाईट लिहिलंत, म्हणजे खरंच असणार." मी फोन ठेवला आणि पाटीतला एक बांगडा हुंगून बघितला. (हे कोणाला सांगू नको.) या रविवारी ते येऊन ठरवणार, नाताळातली मासळी माझी की सोनूबाईची. तरी त्याच्या आत माझं पान धुऊन काढ आणि नवा पासवर्ड अक्रमच्या हाती बंद पाकिटातून धाड. शब्द तूच निवड, आमच्यावर सोपवू नको.

इतकंच. थंडीत कान बांधून फिर.

तुझी आजी,
बकुळा

ता. क. तू काल तन्वीरला सांगितलंस म्हणे, की कोण कधी कोणाच्या पानात शिरलं ते सगळं डेटाबेसने टिपून ठेवलंय, आणि रविवारी ते छापून रावजींसमोर वाचायचं, म्हणजे आजी खरी ठरेल. एवढे कष्ट घेऊ नको. घ्यायचेच असतील तर सात तारखेच्या मंगळवारची अगदी पहिली ओळ काढून मग छाप.

दुसरी ता. क. त्या ओळीत सोनूबाईच्या पानावर 'माझ्या सुरमईचे कल्ले मी कुंकवाने लाल करते' असं आहे. तेव्हा दुकानात मी आणि तन्वीर दोघंच होतो, आणि तन्वीरला एवढंसं लिहायला पाऊण तास लागत नाही.

तिसरी ता. क. ती ओळ निघाली की नाही ते फोनवर बोलू नको, फोन दुकानात आहे आणि तिथे सोनूबाईचे कान आहेत. मंडळाला दाखवता येईल असं पत्र हवं, की डेटाबेसात मंगळवारी काहीच नव्हतं. तुला खोटं लिहायला जमायचं नाही. योगिनीने लग्नात माझा हात धरून 'आजी, आपलं दोघींचं छान जमेल' असं पापणी न हलवता म्हटलं होतं. तेव्हा उत्तर तिनेच लिहावं.