श्वास रोखून धरणाऱ्या दोघी

लेकीच्या बाबांस सप्रेम नमस्कार.

इथून फोनवर बोललं की लेकीला भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं, म्हणून हे पत्र. नात रडताना श्वास रोखून धरते आणि तिचे ओठ निळे पडतात. डॉक्टरांनी नीट तपासलं, घाबरू नका म्हणाले. पण लेक तिला कोणाकडे द्यायलाच तयार नाही. ना झोप, ना धड जेवण. मला त्या डोळ्यांकडे बघवत नाही.

आज लेकीचा वाढदिवस. सकाळी म्हटलं, "तूही अश्शीच करायचीस. बाबा तोंडावर फुंकर मारायचे, की तुझा टाहो सुरू!"

"आणि तू?"

"मी खिडक्या लावायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, आम्ही पोरीला बडवतो."

किती दिवसांनी हसली! मग लगेच, "पण ते थांबलं कधी, आई?"

"वर्षाची व्हायच्या आत," मी ठणकावून सांगितलं. खरं म्हणजे मला आठवत नाही. आठवतो तो तुमचा पांढराफटक चेहरा. तुम्हाला आठवत असेल तर लगेच कळवा. नसेल, तर तिने विचारल्यावर हेच सांगा.

गोळ्या वेळेवर घेता ना? निजताना गॅस बंद केलेला बघता ना? माझी काळजी नको.

तुमची,
मी

ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात लेक आली आणि आडवी व्हायला गेली. तिने दिलेल्याची पोच लिहून ठेवते: नात एक, झोपलेली. दुपटं एक, ओलं. ताकीद एक, "रडली तर लगेच उठव मला."