पेवात आधी कंदील

अण्णा,

आज दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि घरातले सगळे मोबाइल एकदम भोंग्यासारखे ओरडले. खिडकीपासून लांब राहा, असा सरकारचा इशारा होता. नात ताटावरून न उठता म्हणाली, "आजी, रिलॅक्स, इट्स नथिंग." सून भात वाढत होती, तिचा हात तसाच वर राहिला. थोड्या वेळानं धोका टळल्याचा मेसेज आला. मुलगा म्हणाला, "खलास. जेवा आता." सगळे जेवले. मला तुम्ही मारलेली थोबाडीत आठवत होती.

तुम्ही हे घर पाहिलं नाही. तुमचे जावई गेल्यावर मुलानं मला इकडे शारजात आणलं. अल नहदामध्ये उंच इमारतींना इमारती चिकटलेल्या आहेत, खिडकीतून समोरच्यांची स्वयंपाकघरं दिसतात. त्यातली काही आता अंधारी असतात. वर्षभरापूर्वी मंदी आली. मुलाचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्सला आहे, तिथली टेबलं रिकामी होत गेली. आता समुद्रापलीकडे लढाई पेटलीय. विमानं कधी उडतात, कधी रद्द होतात. सुनेनं स्वतःचं आणि मुलीचं पुण्याचं तिकीट धरून ठेवलंय, पैसे भरायची मुदत उद्यापर्यंतच. मुलगा रोज म्हणतो, "एचआरचा मेल आलाय, सगळं नॉर्मल आहे. पोरीची परीक्षा होऊ दे, मग इन्शाल्ला बघू." घर त्याचं आहे. मी गप्प बसते. पण आधी मंदी, मागून लढाई, हा क्रम मी तुमच्या तोंडून ऐकलेला आहे.

मी सहा-सात वर्षांची असेन. गावात जमिनीखाली धान्य साठवायची पेवं बुजवून झाली होती, एकच उरलं होतं, मारुतीच्या देवळामागचं. ते उघडणार म्हणून सगळी पोरं धावली. दगड बाजूला केला आहे, आतून आंबूस, गरम वास येतोय, आणि मी पोटावर पडून त्या अरुंद तोंडातून खालचा अंधार बघतेय. तुम्ही मागून फ्रॉकला धरून मला ओढलंत आणि सगळ्यांदेखत मारलंत. मग पेंढ्यावर बसून दोरीला बांधलेला कंदील हळूहळू आत सोडलात. ज्योत निळी झाली, बारीक झाली, विझली. खालची कोंडलेली हवा जीव घेणारी होती. तुम्ही पेवाचं तोंड तसंच उघडं ठेवायला सांगून घरी आलात आणि चुलीपुढे, आईकडे पाठ करून, मला थोरल्या काकांची गोष्ट सांगितलीत. तोवर मला थोरले काका होते हेच माहीत नव्हतं.

तुम्ही लहान असताना संस्थानात ज्वारीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. विकायला नेलेल्या गाड्या तशाच परत यायच्या. आजोबांनी दाणा पेवात घातला, वर दगड ठेवून शेणमातीनं लिंपला आणि त्यानंतर बरं वर्ष आलं तरी विकायचं नाव काढलं नाही. माझी शाळा चौथीला सुटली. तुमच्या रेशन दुकानातल्या रद्दीवर मी वाचायला लागले आणि पुढे हाताला येईल ते पुस्तक वाचलं, तेव्हा मला कळलं की तेव्हा मंदी साऱ्या जगात होती. तुम्हाला परत आलेल्या गाड्या तेवढ्या माहीत. मग लढाई लागली. तरणी माणसं पलटणीत गेली, रॉकेल कार्डावर आलं, आणि एक दिवस लेव्हीचा, सक्तीनं सरकारजमा करायचा दाणा मोजून न्यायला संस्थानचे लोक शेजारच्या गावापर्यंत पोचले. ते यायच्या आत पोटापुरती पोती काढायची होती. पेव किती वर्षं बंद होतं कोण जाणे. तुम्ही म्हणालात, दादा, आधी कंदील सोड. काका हसले. "आरं, हितं देवापुढं लावायला रॉकेल न्हाई. माझं नाकच कंदील समज. तू दोर धर, भिऊ नगंस."

दोर सैल पडला, एवढंच तुम्ही सांगितलंत.

लढाई संपली. पलटणीतून आलेली माणसं इंजिनं दुरुस्त करायला शिकून आली होती. विहिरींवर इंजिनं बसली, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, संस्थानही गेलं. तुम्ही शेताकडे फिरकला नाहीत, रेशन दुकानात तराजू धरलात. परदेशातून बोटीनं आलेली लाल ज्वारी तुम्ही आपल्याच गावाला मोजून द्यायचात. बायका नाक मुरडायच्या, "अण्णा, ही काय माणसांनी खायची?" तुम्ही म्हणायचात, "उघड्यावरची आहे, वैनी. न्या."

आज जेवणानंतर मी मुलाला काकांची गोष्ट सांगितली. त्यानं नीट ऐकली. मग म्हणाला, "आई, त्यांच्याकडे कंदील नव्हता. आपल्याला अलर्ट येतो."

मी म्हणाले, "कंदील विझला की माणसं थांबायची. तुमचा वाजला आणि तुम्ही भात वाढून घेतलात."

तो चिडला नाही. बाल्कनीचं दार उघडून बाहेर गेला. मग आत येऊन बायकोला म्हणाला, "पासपोर्ट कुठं ठेवलेस?" नात रडायला लागली, "बाबा, यू कम टू!" त्याला नाही जाता येणार. नोकरी सुटली तर व्हिसाही जातो. तू पण जा, म्हणून तो माझ्या मागे लागला. मी नाही म्हटलं. तुला जेवायला कोण घालणार, असं काहीतरी बोलले.

आता त्या दोघी बॅग भरताहेत आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून हे लिहितेय. लिहून झालं की वाचत असलेल्या पुस्तकात ठेवीन. मघाशी मुलगा पाणी प्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "आई, वर दोर धरून कोण होतं गं?"

अण्णा, मी म्हणाले, असेल शेजारचं कोणीतरी.