टबातली काकडी

सातपूर, मंगळवार संध्याकाळ

ती काकडी काही डोक्यातून जात नाही.

टबात मिठाचं पाणी, कडेने सोळा स्टीलचे स्क्रू. दोन स्क्रूंमधून बारीकसा करंट सोडायचा, बाकीच्यांवर व्होल्टेज मोजायचं आणि त्या आकड्यांवरून आत काय आहे त्याचं चित्र कॉम्प्युटरने काढायचं. पुढे हेच माणसाच्या छातीवर करायचंय, फुप्फुसं बघायला. आज पाच स्क्रूंचा कॉन्टॅक्ट सुटलेला. मोजायचं जोड्याजोड्यांनी, म्हणजे पाच गेले की मोजमापं निम्म्याहून कमी. तरी हट्टाने बसले.

स्क्रू बनवून देणाऱ्या सलीमभाईंना म्हटलं, "मी बाहेर थांबते. काकडी ठेवा आणि वर पेपर झाका."

चित्रात मधोमध एक जाड डाग आला. मी खूश! सलीमभाई हसायला लागले. "मॅडम, काकडीचे तर मी दोन तुकडे केले होते."

चिडलेच. मग आठवलं, आत एकच वस्तू आहे असं प्रोग्रॅममध्ये मीच लिहून ठेवलेलं. ती अट बदलली, आकडे तेच ठेवले. दोन डाग आले! पण मला दोन माहीत झाले म्हणून दोन दिसले का? सलीमभाई तीन म्हणाले असते तर?

प्रोग्रॅममध्ये तीन टाकून पाहिले. तीनही आले, छान गोल गोल.

काकडी आम्ही खाऊन टाकली. मीठ लागलेलंच होतं.

निघताना सलीमभाईंना सांगितलं, "उद्या पाण्यात काही ठेवा, नाहीतर ठेवूही नका. फक्त मला सांगू नका."

रिकाम्या पाण्यातही मला काकडी दिसते का, ते बघायचंय.