राजाचे दोन ठोके

॥ श्री ॥

औरंगपुरा, औरंगाबाद
३ ऑगस्ट २००३

चि. सौ. राजास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम. तिकडचे क्षेम तू कळवत नाहीस, म्हणून मीच धरून चालते. देवगाव रंगारीचे पोस्ट बंद पडल्याचे मला अजून कुणी सांगितलेले नाही.

निवृत्त झाल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म कानाला काहीतरी लावलेले असायचे, आता घरातली शांतता कानात शिरते. मी स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात नुसत्या येरझारा घालते. परवा दोन लाटणी घेऊन पोळपाटावर आपल्या बँडचा जुना मार्च वाजवला. खालचा कापडवाला वर येऊन काही फुटले का म्हणून विचारून गेला.

आता मुख्य. आपल्या कॉन्व्हेंट शाळेला यंदा पन्नास वर्षे होतात. डिसेंबरात समारंभ आहे आणि त्यात जुन्या बँडमधल्या मुलींनी मैदानावर एक फेरी मारायची आहे. मुली म्हणजे आपण, गुडघ्यांना पट्टे बांधून. गेल्या रविवारी द्वारकाकडे जमलो. आपल्यापुढे चंदेरी मुठीचा दंड फिरवत चालायची तीच द्वारका. आता तिला चालायला वेगळाच दंड लागतो, पण पुढारीपणा तसाच आहे. समारंभात वाचायला तिने आठवणी लिहून आणल्या होत्या. त्यात एकसष्ट सालच्या स्पर्धेचा किस्सा आहे, आणि त्या किश्श्यात तू आहेस.

म्हणे, जिल्ह्यातल्या शाळांची अंतिम फेरी, समोर परीक्षक, आपला बँड रंगात, आणि मोठ्या ड्रमवर राजाने मध्येच दोन ठोके दिले. मोठ्या ड्रमचे दोन जोड ठोके म्हणजे वाजवणे बंद, पाय बंद, हा नियम आपल्या हाडांत मुरलेला. अख्खा बँड भर मैदानात मुका झाला आणि ढाल मुलांच्या शाळेने नेली. पुढे द्वारकाची भर अशी की, खेड्यातल्या पाटलाची लेक, तिला जेवणाची घंटा झाल्यासारखे वाटले असेल. सगळ्या पोट धरून हसल्या. मी हसले नाही.

मी विचारले की, ती चौदा वर्षांची पोर मदरसमोर तास तास उभी राहिली, का थांबवलेस याचे उत्तर तिने दिले नाही, म्हणून उद्धट ठरली आणि आमचे वडील, म्हणजे दादा, तिला नववीतून उचलून घरी घेऊन गेले, हेही वाचणार आहेस का? द्वारका म्हणाली, वच्छी, तू अजून तशीच तिखट आहेस. मी म्हणाले, मिरची शिळी झाली म्हणून गोड होत नाही.

आणि राजा, रिक्षात घरी येताना मला एकदम उमगले. तू चुकलीच नव्हतीस. दोरीपलीकडे मुलांच्या शाळेचा बँड उभा होता आणि त्यांचा मोठा ड्रम बन्सीकडे होता. त्यानेच मुद्दाम दोन ठोके दिले असणार आणि सवयीने तुझा हात त्यामागोमाग पडला. हाच बन्सी आता बँडमास्तर म्हणून नाव काढून बसला आहे. आपली तालीम तोच घेणार आणि समारंभात हारही त्याच्याच गळ्यात पडणार. तो हार पडला की मी उठून सगळ्यांसमोर बोलणार आहे. तू येऊन मोठा ड्रम वाजवायचास. मी तसा शब्द देऊन आले आहे.

सूर्यभानरावांना नमस्कार. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये.

तुझी,
वच्छला आक्का


॥ श्री ॥

देवगाव रंगारी
११ ऑगस्ट २००३

ती. आक्का हीस,

राजाचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. आमचं पोस्ट चालू आहे, माझाच हात बंद होता. कपाशीत खुरपणी चालू आहे, बाया मिळत नाहीत, म्हणून सूनबाई आणि मी दोघीही रानात असतो. पोळा तोंडावर आला. बैलांच्या झुली उंदरानं कुरतडल्यात आणि ह्यांना वाटतं तो उंदीर मीच पाळलाय. त्यांचा गुडघा धरलेला आहे, पण चावडीवर जायचं म्हटलं की सुटतो.

मला न विचारता शब्द कसा देऊन बसलीस? तुझी खोड जुनीच आहे. लहानपणी माझ्या वाटणीचे लाडूसुद्धा तूच पाहुण्यांना कबूल करायचीस. तो ड्रम गळ्यात घातला म्हणजे वासरू उचलल्यासारखं व्हायचं. आता माझ्यानं वासरू होणार नाही नि ड्रमही नाही. द्वारकेला हसू दे. हसण्यानं अंगाला भोकं पडत नाहीत.

पण आक्का, बन्सीचं नाव घेऊ नको. हात जोडून सांगते. तो दोरीपल्याड उभा होता हे खरं, पण त्याचा ड्रम खाली मातीत ठेवलेला होता आणि तो पट्टा सोडून खांदा चोळत होता. मी बघत होते. ठोके माझेच होते आणि हात सवयीनं गेला नव्हता. त्या माणसाला भरल्या मांडवात बोललीस तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.

मोठ्या ड्रमवाली सगळ्यांच्या मागं चालते. तिला कुणाचं तोंड दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. तू बरोबर माझ्या पुढं होतीस. पुढं उलटं वळण होतं. ते घेतलं असतं तर आपल्या सगळ्यांच्या पाठी त्या पोरांच्या शाळेकडं झाल्या असत्या. आपले स्कर्ट पांढरे होते. याहून जास्त मी लिहिणार नाही. त्या सांजेला होस्टेलवर तुझं काय झालं होतं ते तूच आठव.

उडदाचे पापड येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडते. रागवायचं असेल तर पापड खाऊन रागव. माया आहे ती असू दे.

तुझी,
राजा


॥ श्री ॥

औरंगपुरा, औरंगाबाद
१८ ऑगस्ट २००३

चि. सौ. राजास,

आशीर्वाद द्यावेत की कान उपटावा हे न ठरल्यामुळे दोन्ही पाठवते.

तुझे पत्र शनिवारी आले. वाचले आणि चप्पल घालून बाहेर पडले. क्रांती चौकापर्यंत चालत गेले, तिथे का आले ते आठवेना, तशीच परत आले. संध्याकाळी पुन्हा निघाले.

मला आठवले. त्या दिवशी होस्टेलवर कपडे बदलताना मला कळले की पाळी आली आहे आणि स्कर्ट पार खराब झाला आहे. मला वाटले, परतीच्या ट्रकमध्ये झाले असेल. देवाने अब्रू राखली म्हणून मी चॅपेलमध्ये मेणबत्तीसुद्धा लावली. मैदानापासून ट्रकपर्यंत तू ड्रमचा काठ माझ्या कमरेला खुपसत, मला चिकटून चालत होतीस. मी वाटभर तुला शिव्या घातल्या. आधी ढाल घालवलीस आणि आता मला ढकलतेस, असे म्हटले. पुढे कितीतरी दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. मी बोलायच्या आधीच दादा तुला घेऊन गेले होते.

मेणबत्ती चुकीच्या ठिकाणी लागली.

तुला कुणी सांगितले होते ग हे करायला? मी सोळा वर्षांची घोडी होते. हसली असती पोरे आठवडाभर. तू मदरला का नाही सांगितलेस? निदान मला? मी मॅट्रिक झाले, नोकरी केली, आज कुणाच्या तोंडाकडे न बघता जगते आहे, आणि तू नववीत दप्तर गुंडाळून दोन वर्षांत बोहल्यावर उभी राहिलीस. दर दिवाळीला मी तुला जुनी पुस्तके आणून द्यायचे आणि वर उपदेश करायचे, की बाई, शिकायला हवे होतेस. तू ऐकून घ्यायचीस. मी तुझ्यावर फार रागावले आहे.

रविवारी तालमीला गेले. द्वारकाने जेवणाच्या घंटेचा किस्सा पुन्हा वाचला, आता अभिनयासह. मी उठले आणि जे होते ते सांगितले. आडपडदा ठेवला नाही. बन्सीही तिथेच बसले होते.

झांजा वाजवायची ती कस्तुरा डोळ्यांना पदर लावून बसली. द्वारका म्हणाली की, पुढे चालणारीला मागे काय होते ते कधीच कळत नाही. तिच्या तोंडून निघालेले हे पहिले शहाणपण. मग बन्सी ड्रमच्या दोऱ्या ताणता ताणता खाली बघून म्हणाले, "चुकणाऱ्याचा हात असा पडत नाही. ते ठोके साफ होते. आम्हाला तेव्हाच कळलं, पण ढाल हातात आली होती, कोण बोलणार?" मी मनातल्या मनात त्यांच्यावर घातलेला आळ मनातल्या मनातच मागे घेतला आणि त्यांना दोनदा चहा दिला.

द्वारका तो किस्सा काढून टाकते आहे. त्याऐवजी खरे काय झाले ते मी लिहावे आणि समारंभात वाचावे, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. मी लिहायला घेतले आहे. तू ये असे मी आता म्हणणार नाही. तुझ्याकडून न मागता पुष्कळ घेऊन झाले आहे. कळावे, आणि मला क्षमा नको, नुसते पत्र हवे.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥

देवगाव रंगारी
३० ऑगस्ट २००३

ती. आक्का हीस,

शि. सा. न. वि. वि. पोळा झाला. बैल सजले, ह्यांचा गुडघा वेशीपर्यंत चालला. तुझं पत्र आधीच आलं होतं, पण तेव्हा लिहिलं असतं तर कागद जळाला असता.

बेचाळीस वर्षं मी जे झाकून ठेवलं ते तू एका दुपारी एवढ्या बायांत मांडलंस, आणि वर एका बाप्यासमोर. तुझ्या तोंडाला झाकण देवानं दिलंच नाही. तेव्हा मला वाटायचं, मदरला सांगितलं तर ती त्या वेळच्या बँडमास्तरला सांगेल, तो शाळेला सांगेल, मग मैदानावर थांबवून उपयोग काय झाला? एवढंच डोक्यात होतं. दादा शाळेतूनच काढतील हे ध्यानात आलं नव्हतं. आलं तेव्हा बैलगाडी जुंपलेली होती.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी एकच विचारलं, शाळा सुटल्याचं वाईट वाटलं का म्हणून. आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी व्हय म्हटलं. तुलाही खोटं लिहिणार नाही, आक्का. लई वाईट वाटलं. पोरांना शाळेत घालताना तर फार. तू आणलेली पुस्तकं मी वाचली आहेत, सगळी. तू उपदेश करायचीस तेव्हा कधी कधी वाटायचं, सांगून टाकावं आणि हिचं तोंड बघावं. पण तू गेल्यावर वाटायचं, बरं झालं, नाही सांगितलं.

आता नीट ऐक. मी येते. पुढच्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघते आणि समारंभापर्यंत ये-जा करत राहते. सूनबाई म्हणाली, रान मी बघते, तुम्ही जा. ड्रम मीच वाजवणार. पट्टा रुंद करून घ्यायला बन्सीला सांग. कुणी माझ्याकडं रडक्या तोंडानं बघायचं नाही, कस्तुरानं तर अजिबात नाही.

आणि तू लिहायला घेतलंस ते बंद कर. समारंभात द्वारकेनं तिची जेवणाच्या घंटेचीच गोष्ट सांगावी, अभिनयासकट. लोक हसले तर मीही हसेन. तुला ते सहन होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तोंड मिटून माझ्या पुढं उभी राहा. समारंभाला मैदानावर पोरांच्या शाळाही येणार आहेत, त्यांना हसायचंच तर माझ्यावर हसू दे.

माया होती तशीच आहे, ती तुझ्यापाशी ठेवून घे.

तुझी,
राजा