सूपच्या भांड्याचा कान

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे. छकुलीला पाचवा दात आला. आल्या आल्या तो तिनं बापाच्या बोटावर चालवून बघितला. आता मी का घाबरलेय ते सांगते. हसू नकोस.

सासूबाईंच्या काचेच्या कपाटात ते सूप वाढायचं भांडं आहे ना, चिनी मातीचं, दोन कानांचं? माझ्या लग्नात बघून तू म्हणाली होतीस, यात पोर आंघोळ करेल, तेच. ते धुवायचा हक्क फक्त त्यांचा, कारण माझे हात म्हणे धसमुसळे. तर परवा धुताना त्यांच्याच हातून ते नळावर आपटलं आणि एक कान सटकन निघाला. मी शेजारी कप विसळत होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच उपटला. मग गोंदाची नळी आणून स्वतःच चिकटवला आणि बजावलं की कुणाला कळता कामा नये, मामंजींना तर नाहीच, भांडं त्यांच्या आईचं. म्हणतात, आता हत्ती टांगला तरी निघायचा नाही. बसलाय वाकडा. कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

रविवारी मामंजींच्या निवृत्तीचं जेवण आहे. या घरची रीत अशी, की सुनेनं भांडं दोन्ही कानांना धरून टेबलाभोवती फिरायचं. खालून हात लावायचा नाही, टोपली उचलल्यासारखं दिसतं म्हणे. ट्रे घ्यायचा नाही, तो हॉटेलातल्या पोरांनी घ्यायचा. आणि छकुलीची खुर्ची आजोबांच्या शेजारी, पाहुण्यांना दिसायला. म्हणजे उकळतं सूप तिच्या डोक्यावरून जाणार. यांना म्हटलं, खुर्ची हलवू या. म्हणाले, तुझं बरोबर आहे. मग आईकडे जाऊन आले आणि म्हणाले, आईचंही बरोबर आहे. असा नवरा असला की भिंतीशी बोलायची गरज पडत नाही.

तू भांडी जोडायच्या दुकानात आहेस, तूच सांग, हा कान टिकेल का?

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर असू दे.

तुझी,
धाकटी

ता. ९ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हसू नकोस म्हणालीस म्हणून दुकानाच्या मागे जाऊन हसले.

नुसत्या गोंदानं बसवलेला कान बघण्यापुरता असतो गं, उचलण्यापुरता नाही. गरम लागलं की तो गोंद मऊ पडतो. आम्ही आधी जुना गोंद खरवडतो, कानात आणि भांड्यात बारीक भोकं पाडून पितळेच्या पिना घालतो, मग चिकटवून, पट्ट्या आवळून ठेवून देतो. पुरता वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वरून वेत गुंडाळतो, म्हणजे जोर मिळतो आणि चटकाही बसत नाही. तुझ्या सासूबाईंनी यातलं काय केलं? नळी पिळली.

माझ्यावर विश्वास नको ठेवूस, करून बघ. न्हाणीत जुनी फडकी जाड अंथर, भांडं त्यावर ठेव, उकळतं पाणी अर्धंच भर. जरा थांबून दोन्ही कान धर आणि बोटभर उचल. पाय लांब ठेव.

आणि एक सांगते. तू घाबरट, हे मला पाळण्यापासून माहीत आहे. पण घाबरलं की गप्प बसायचं, हे तुला कुणी शिकवलं? आपल्या घरी असताना तर शेजारच्या कोंबड्याशीसुद्धा भांडायचीस.

छकुलीला पापे. तुला आशीर्वाद, आणि तुझ्या नवऱ्याला एखादं स्वतःचं मत मिळो.

तुझी,
ताई

ता. १६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सासूबाई शेजारी गेल्या तेव्हा तू सांगितलंस तसं केलं. कान भिजल्या पावासारखा हातात आला. मी न्हाणीतच बसून रडले. तेवढ्यात त्या आल्या. मी सगळं सांगितलं, पिनांचंही. त्या म्हणाल्या, उठसूट ओढल्यावर माणसाचासुद्धा कान निघेल. आणि तुझी बहीण हॉटेलचे कप जोडते, घराण्याची भांडी नाही. पुन्हा नळी पिळली. या वेळी दोनदा.

रविवारी त्यांनी स्वयंपाकघरात भांडं काठोकाठ भरलं आणि मला म्हणाल्या, चल, उचल. मी बाहेर गेले, छकुलीला खुर्चीतून काढून कडेवर घेतलं आणि परत आले. म्हटलं, आई, माझे हात अडकलेत, तुम्ही न्या. तुमच्याच हातचं काम आहे, पाहुण्यांनाही बरं वाटेल.

त्यांनी कान धरले. सोडले. पदर खोचला, पुन्हा धरले, पुन्हा सोडले. बाहेरून मामंजी विचारत होते, सूप काय विहिरीतून काढताय का. यांनी दारातून डोकावून दोघींकडे बघितलं, आणि कुणाचं बरोबर ते न ठरवता निघून गेले.

शेवटी सासूबाईंनी डावानं सगळं सूप पातेल्यात काढलं आणि पातेलं सांडशीनं धरून स्वतः फिरवलं. पाहुण्यांना म्हणाल्या, आजकाल असंच वाढतात. लोकांनी मागून मागून घेतलं.

पाहुणे गेल्यावर मी भांडं पुसायला घेतलं तर तो कान परत गळून पडला. सासूबाईंनी टॉवेल आणून भांडं आणि कान वेगवेगळे गुंडाळले आणि म्हणाल्या, पाठव तुझ्या बहिणीकडे. पण घरात विचारलंच कुणी, तर सुनेच्या हातून फुटलं म्हणायचं. मी म्हटलं, चालेल. फक्त जोडून आल्यावर पहिल्यांदा ते भरून तुम्ही फिरवायचं, आणि मी छकुलीला घेऊन टेबलाशी बसणार. बरं म्हणाल्या नाहीत. नाही पण म्हणाल्या नाहीत. नुसतं विचारलं, त्या पिना पितळेच्याच असतात ना, आणि दोन पुरतात का.

बोचकं घेऊन हे उद्या येतायत. दोन्ही कानांना घाल, ताई, चांगल्या जाड. लोभ असू दे.

तुझी,
धाकटी